एका श्वासाची माफी

बाई अजूनही फोनवर मला ‘छाती’च म्हणतात. “काय छाती, जिने चढताय ना?” एवढंच विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. मी काय उत्तर देतो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. ते किती दमात देतो, वाक्य कुठे तुटतं, हे त्या कान लावून ऐकत असतात. म्हणून मीही त्यांच्याशी मुद्दाम लांबलचक वाक्यं बोलतो. बायको म्हणते, “घरात हो-नाहीच्या पुढे जात नाही, आणि बाईंचा फोन आला की कीर्तन!”

नावाने हाक मारणं हा प्रकार बाईंकडे नव्हताच. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवरून आत वळलं की आमची चार मजल्यांची, बिनलिफ्टची सोसायटी. तिच्या तळमजल्यावर बाईंचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. बाकावर बसलेल्या लोकांना त्या दुखऱ्या अवयवाने ओळखत. “डावा गुडघा, आत या. मान, तो मोबाइल खाली ठेवा, नाहीतर घरी जा.” दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या रिसेप्शनला स्टेजवर गेल्या, फुलं दिली आणि म्हणाल्या, “अभिनंदन, मनगट! सगळ्यांच्या पाया पडताना उजव्यावर भार देऊ नका हं.” नवरदेव आधी बायकोच्या हाताकडे आणि मग बाईंकडे बघत राहिला.

तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. उंच, काटक. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात खेळाच्या मास्तरांसारखी शिट्टी, पर्समध्ये भिजवलेल्या शेंगदाण्यांची डबी. राहायच्या कळव्याला, एकट्या. रोज सकाळी शिळफाट्यावरून स्कूटर मारत यायच्या. लग्न का केलं नाही असं कोणी आगाऊपणे विचारलंच, तर म्हणायच्या, “अख्खा माणूस कोणी आणलाच नाही. जो आला तो तक्रार घेऊन आला.”

क्लिनिकात खुर्च्या तीन. एक उंच, एक मधली, एक बुटकी. एकीलाही हात नव्हते. हात टेकायला मिळाले की पाय आळशी होतात, हे बाईंचं शास्त्र. नवा माणूस उंच खुर्चीवर बसायचा, कारण तिच्यावरून उठायला सोपं. पायांत जोर येईल तशी त्याची बढती मधल्या खुर्चीवर, मग बुटक्या खुर्चीवर. आणि भिंतीशी एक पाट उभा करून ठेवलेला असे. पाटावर बसून हात न टेकता उठलात की तुमची सुटी. मधली खुर्ची मिळाली म्हणून पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत.

“दुखतंय? छान. म्हणजे जागेवर आहे.” हे रोजचं. “झोपून कोणी बरं होत नाही. झोपून फक्त सकाळ होते.” हे पेशंटला अंथरुणावर बघितल्यावर. आणि “बाई, अजून किती दिवस लागतील?” असं विचारलं की त्या चष्म्यावरून बघत, “का? कुठे निघालाय?”

मी त्या सोसायटीचा तेव्हाचा सेक्रेटरी. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. नट-बोल्टांशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला मानवलं. चारचौघांत माझा आवाज निघायचा तो वर्षातून एकदाच, सोसायटीच्या गणपतीत. आमच्याकडे गणपती माघातला. भाद्रपदात निम्मी सोसायटी कोकणात जाते, उरलेली पाहुण्यांकडे, आणि मागे राहतो एकटा वॉचमन. म्हणून माघात. तर त्या आरत्यांमध्ये शेवटी-शेवटी एक अशी येते, जिच्यात एका अक्षरावर सगळे थांबतात आणि दम संपेपर्यंत ते ओढतात. कोणत्याही मराठी घरात विचारा. तिथे भक्ती बाजूला राहते आणि शर्यत सुरू होते. पोरं लाल होतात, काका लोक खांब धरतात, एकेक आवाज गळत जातो. शेवटी उरायचा तो माझा. वर्षभर न बोललेलं सगळं मी त्या एका अक्षरात बाहेर काढायचो. लोक टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्या वर्षभर पुरायच्या.

बाईंचा देवावर विश्वास नव्हता. पण करोनाच्या आधीच्या त्या माघात त्या क्लिनिक बंद करून निघाल्या होत्या आणि आरती ऐकून पार्किंगमध्ये थांबल्या. माझं अक्षर संपलं, टाळ्या झाल्या, आणि त्या सगळ्यांदेखत हसून म्हणाल्या, “सेक्रेटरी, आवाज लांब आहे हो, पण खांदे कानाला लागलेत तुमचे. हा श्वास नाही, ही ओढाताण आहे.”

सगळे हसले. मीही हसलो. मला ते लागलं होतं.

पुढे दोनेक महिन्यांत सगळं बंद झालं. बाईंनी ठाण्याच्या एका कोविड वॉर्डात काम करायला स्वतःहून नाव दिलं. सकाळी आमच्याकडचे एक-दोन अडलेले पेशंट बघायचे आणि मग वॉर्डात जायचं, असं त्यांनी ठरवलं. आमच्या सोसायटीत भीती होतीच. पण भीती होती आणि क्लिनिक बंद करायची मागणी नव्हती, हा फरक मी पुढे फार महिने कोणाला सांगितला नाही. मी कमिटीतल्या लोकांना फोन केले. सगळे म्हणाले, “तुम्ही बघा काय ते.” मीटिंग झाली नाही, ठराव झाला नाही. क्लिनिकच्या दारापुढच्या पॅसेजला सोसायटीची लोखंडी जाळी आहे. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी खाली उतरलो आणि त्या जाळीला कुलूप लावलं. मग ग्रुपवर लिहिलं, ‘कमिटीच्या निर्णयानुसार क्लिनिक पुढील सूचनेपर्यंत बंद.’ लोकांनी अंगठे टाकले.

कुलूप लावताना ‘खांदे कानाला लागलेत’ हे आठवलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

मला ते करताना एकाच माणसाने पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत नाना बसले होते. वागळे इस्टेटमध्येच आयुष्यभर लेथ चालवलेला माणूस. त्यांची उजवी बाजू झटक्याने गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. बाईंनी वर्षभर खपून त्यांना मधल्या खुर्चीपर्यंत आणलं होतं. मी वर बघितलं. नानांनी डाव्या हातातली काठी गॅलरीच्या फरशीवर एकदा आपटली. ठक.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, कुलूप बघितलं, गेटबाहेर गेल्या. मी पडद्याआडून बघत होतो. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. त्यांनी स्कूटरवर बसून शेंगदाणे खाल्ले. मग रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवली.

“उजवी बाजू! गॅलरीत या! खुर्ची आणा!”

नानांच्या बायकोने स्वयंपाकघरातली खुर्ची आणली.

“ती नको, तिला हात आहेत! स्टूल आणा! हां. बसा. नाक पायाच्या अंगठ्यावर न्या... आणि उठा!” शिट्टी. “बसा! मी उठा म्हटल्याशिवाय उठू नका! उठा!” शिट्टी.

लॉकडाऊनची ती शांतता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि बाईंची शिट्टी. समोरच्या बिल्डिंगीतले लोक गॅलऱ्यांत आले. चौथ्या दिवशी समोरच्या दोन कंबरा, आमचे तीन गुडघे आणि कोणाचाच नसलेला एक गोल पोटाचा गृहस्थ असे सगळे शिट्टीवर उठबस करत होते. नाना जमले की गॅलऱ्यांतून टाळ्या पडत. मी वॉचमनला इंटरकॉम केला, “अरे, त्या मॅडमना सांग, शिट्टी वाजवू नका.”

“साहेब, मॅडम गेटाच्या बाहेर हायत,” वॉचमन म्हणाला. “बाहेरचं आपल्याकडं येत नाय. तुम्हीच सांगितलंय, आपण फक्त आतलं बघायचं.” आणि मग हळूच, “साहेब, माझी पन पाठ हाय वो. मी पन करतो त्यांच्यासंगं.”

ते असं चाललं असतं. पण वॉर्ड भरत गेला आणि बाईंचं येणं थांबलं. शिट्टी थांबली तसे नाना आधी स्टुलावरून उठायचे थांबले, मग गॅलरीत यायचे थांबले. पावसाळ्यात बाईंचा मला फोन आला. आता दवाखाने उघडलेत, जाळी उघडा, मी रविवारी येत जाईन म्हणाल्या. मी म्हटलं, “कमिटीत विषय ठेवतो.” विषय मी कुठेही ठेवला नाही. नानांच्या दारावरून खाली जाताना मी पावलांचा आवाज करत नसे.

गौरी-गणपती होऊन गेले आणि मला ताप आला. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटावरच्या यंत्राचा आकडा खाली येऊ लागला. ठाण्याला ज्या वॉर्डात जागा मिळाली, तिथे तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून मी पडलो होतो. आजूबाजूला सगळी पांढरी किट घातलेली माणसं. कोण कोण आहे कळावं म्हणून त्यांनी छातीवर मार्करने आपापली नावं लिहिली होती. एक उंच किट माझ्या खाटेशी येऊन थांबलं. त्यावर नाव नव्हतं. लिहिलं होतं, ‘उठून बसा’.

“दुखतंय?” किट म्हणालं. “छान. म्हणजे जागेवर आहे.”

मला वाटलं, बाईंनी ओळखलं. पण त्या लगेच म्हणाल्या, “चला छाती, पालथे व्हा,” आणि शेजारच्यालाही तेच म्हणाल्या, “छाती, तुम्हीपण.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या वॉर्डात आम्ही सगळेच छाती आहोत. मी त्या गर्दीत लपलो. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. खरं सांगतो, ती मला सोय वाटली.

“लहान मूल पालथं पडलं की घरात केवढं कौतुक होतं,” बाई आम्हाला एकेकाला वळवत म्हणत. “तुमचंही करू. पडा आधी.”

थोडं बरं झाल्यावर त्या आम्हाला बसवत आणि रिकाम्या हातात गरम चहाची बशी आहे असं समजून ती धरायला लावत. “नाकाने वास घ्या. आता फुंका. ओठ चंबूसारखे. चहावर लाट उठली पाहिजे, पण बशीबाहेर सांडता कामा नये. खांदे! खांद्यांनी चहा पितात का कोणी? खाली घ्या ते!” शेजारच्या खाटेवरचा कल्याणचा रिक्षावाला धापा टाकत विचारायचा, “बाई... माझ्यात... साखर जास्त टाका.” बाई म्हणायच्या, “एका दमात मागितलीत तर टाकीन.” काही दिवसांनी त्याने खरंच एका दमात मागितली, अगदी वेलदोड्यासकट, आणि अख्खा वॉर्ड मास्कआड हसला.

सगळेच काही हसायला उरले नाहीत. समोरची खाट एका सकाळी मोकळी होती. त्या दिवशी बाईंनी बशी धरायला लावली नाही. फक्त आम्हाला रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसवून ठेवलं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी घरी आलो तो दोघांनी खुर्चीत घालून वर नेलं म्हणून. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाथरूमपर्यंत जाऊन आलो की भिंत धरायची. दिवसभर बोटाला यंत्र लावून आकड्याकडे बघत बसायचं. बायको ओरडली तरी मी ते काढत नसे. शेवटी तिने बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“बाई, यांना दोन पावलं चालली की धाप लागते हो. वर येऊन बघाल का जरा?”

“नाही.”

बायकोला वाटलं फोन कट झाला.

“मी वर येणार नाही,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांना विचारून घ्या. ते हो म्हणाले की छातीला खाली घेऊन या, माझ्या क्लिनिकात. आणि येताना जाळीची किल्ली आणा.”

“अहो बाई, तीन मजले...”

“उतरायला दम कमी लागतो. चढायचं कसं ते मी खाली शिकवीन.”

फोन ठेवून बायको मला म्हणाली, “किल्ली कमिटीत कोणाकडे आहे?” मी देवघराच्या खालच्या ड्रॉवरकडे बोट दाखवलं. तिने ड्रॉवर उघडला, किल्ली हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिली. “ही तर आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेची किल्ली. ते कुलूप मी घरभर शोधलं.” “का हो, कमिटीने आपली ट्रंक उघडली होती का?”

मी छातीकडे बोट दाखवलं. धाप हे कारण होतंच. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली. “तुम्हीच उघडा,” म्हणाली.

डॉक्टर हो म्हणाले. त्या सकाळी मी जिना उतरलो. प्रत्येक वळणावर थांबून नसलेल्या बशीतला नसलेला चहा फुंकत उतरलो. लोक दारं उघडून मास्क लावून उभे होते. “शाब्बास सेक्रेटरी!” म्हणत होते. ती शाब्बासकी मुठीतल्या किल्लीसारखी टोचत होती. पहिल्या मजल्यावर नानांचं दार उघडं होतं. आत खाटेवर नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

खाली बाई उभ्या. गळ्यात शिट्टी. कुलूप गंजलं होतं. बायकोने वरून खोबरेल तेल आणलं. मी किल्ली फिरवत राहिलो, थांबत राहिलो. कोणी मदतीला पुढे आलं की बाई नुसता हात आडवा करत. शेवटी ते उघडलं. आत धूळ, आणि तीन खुर्च्या जशाच्या तशा. मी उंच खुर्चीवर बसलो. जरा दम आला तसं म्हणालो, “बाई... ते कुलूप... मी...”

“बोलू नका. तीन मजले चढायचेत अजून.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बरगड्या कुठे अडतात ते बघायला. “आणि कमिटीला नुसतं कुलूप शोधायलाच सहा महिने लागले असते, एवढं मला कळतं. माफी मागायची असेल तर एका श्वासात मागा. मधे तोडलीत तर धरणार नाही. तुटक बोलताना माणसाला पळायला वाट मिळते.”

मला वाटलं, बोलण्याची गंमत आहे. गंमत नव्हती. तो माझा व्यायाम होता.

बाई आता एक दिवसाआड येऊ लागल्या. त्याच आठवड्यात चौघांनी नानांना उचलून खाली आणलं आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकवून बसवलं. “उजवी बाजू, पुन्हा पहिलीपासून शाळा,” बाई म्हणाल्या. नाना माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीकडे बघत होतो. उठबस झाली, बशी फुंकून झाली की शेवटी बाई म्हणायच्या, “हं, छाती. वाक्य.”

पहिल्यांदा मला जमलं ते इतकंच, “कमिटीने कुलूप लावलं, सॉरी.”

नानांची काठी वाजली. ठक.

“दम बरा आहे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी वाढवा.”

पुढच्या वेळी मी म्हणालो, “माझ्याकडून कुलूप लागलं त्याबद्दल माफ करा.”

ठक.

“लागलं? वारा सुटला होता का त्या दिवशी?”

दिवाळीच्या सुमाराला मी मधल्या खुर्चीवर आलो. बायकोने पेढे आणले, त्यातला एक तिने मला न देता नानांना भरवला. त्या दिवशी माझं वाक्य होतं, “मी स्वतः कुलूप लावलं पण ते सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या काळजीपोटी लावलं होतं त्याबद्दल मला क्षमा करा.” काठी दोनदा वाजली. इतक्या जोरात, की बाई पुढे झाल्या आणि नानांचा हात धरून ओरडल्या, “अहो, उजव्या हाताने! उजवी बाजू, तुम्ही ही उजव्या हाताने आपटलीत!” नानांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम, त्याच हाताने, पुन्हा एकदा. ठक. माझ्या खोटेपणाचा जगात कोणाला काही उपयोग झाला असेल, तर तो त्या हाताला.

हे सगळं विचित्र होतं, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. दम कमी होता तोवर माझ्या वाक्यात फक्त सबब मावत होती. दम वाढला की सबब संपून जागा उरायची, आणि त्या उरलेल्या जागेत घालायला खऱ्याशिवाय माझ्याकडे काही नसायचं. यंत्र मी बोटाचं काढलं ते कधी, आठवत नाही. जिना चढताना मला आता वळणांवर थांबावं लागत नव्हतं. बुटकी खुर्ची आली. मग एका सकाळी पाटावरून मी हात न टेकता उठलो, आणि बाई म्हणाल्या, “तुमची सुटी. वाक्य तेवढं राहिलंय.”

“ते इथे नको,” मी म्हणालो. “माघात म्हणतो. आरतीला.”

बाईंनी शेंगदाण्यांची डबी माझ्यापुढे धरली. ही डबी त्यांनी आजवर कोणापुढे धरलेली मी पाहिली नव्हती.

त्या माघातला गणपती एवढासा होता. पार्किंगमध्ये सगळे मास्क लावून लांबलांब उभे. नानांसाठी बाईंनी क्लिनिकातली बुटकी खुर्ची बाहेर आणली होती. बाई स्वतः मागे, स्कूटरला टेकून. गणपतीकडे त्यांचं लक्षच नव्हतं म्हणा, कारण त्या आमच्याकडे बघत होत्या. गणपतीपेक्षा आमच्या बरगड्यांवर त्यांचा जास्त विश्वास.

आरत्या झाल्या. ती जागा आली. मी खांदे सोडले, पोटात श्वास भरला आणि ते अक्षर उचललं. अहो, आलं ते! सप्टेंबरात ज्या छातीत बाथरूमपर्यंतचं वारं नव्हतं, त्या छातीतून ते सरळ, अजिबात न थरथरता निघालं. आजूबाजूला आवाज गळू लागले. लोक माझ्याकडे बघायला लागले. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी सहज जिंकलो असतो. पण मी ते अक्षर अर्ध्यावर सोडलं, कारण मला दम पुढे लागणार होता. आणि मग आम्ही सगळ्यांनी चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तो माझ्या आवाजाखाली होता. काकूंनी ते अक्षर असं काही लांब नेलं, की पोरं ओरडायला लागली.

टाळ्या संपल्या. मी पुढे झालो. सगळ्यांना वाटलं, प्रसादाचं सांगतोय. मी बशी हातात घेतल्यासारखे हात धरले आणि श्वास घेतला.

“आपल्या कमिटीने कधी ठराव केला नव्हता कोणी मागणी केली नव्हती मीटिंगसुद्धा झाली नव्हती मी एकट्याने भर दुपारी सगळे झोपलेले असताना बाईंच्या जाळीला माझ्या ट्रंकेचं कुलूप लावलं आणि नानांचे पाय गेलेले दिसत होते तरी काढलं नाही कारण मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त म्हणजे ह्याच जागी ह्याच आरतीला बाई मला सगळ्यांदेखत हसल्या होत्या त्याबद्दल मी बाईंची आणि नानांची माफी मागतो.”

पार्किंगमध्ये निरांजनाची वात तडतडली तेवढीच. कोणी कोणाकडे बघेना. मी नानांच्या काठीची वाट बघत होतो.

काठी वाजली नाही. नानांनी ती शेजारी, जमिनीवर आडवी ठेवली. नाक अंगठ्यावर नेलं, आणि त्या बुटक्या खुर्चीवरून, कुठेही हात न टेकता, डुलत, थरथरत, पण पुरते, उभे राहिले. नानांची बायको “अहो!” म्हणून धावली आणि अर्ध्यात थांबली. मग एक टाळी पडली, दुसरी पडली, आणि गणपतीला झाल्या नाहीत इतक्या टाळ्या झाल्या. वॉचमन शिट्टी वाजवत होता. त्याने स्वतःची कधी घेतली होती, कोणास ठाऊक.

बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे चमकत होते, पण तोंडावर तीच क्लिनिकातली कडक घडी.

“दम पुरला,” त्या म्हणाल्या. “पण ‘हसल्या होत्या’पाशी खांदे वर गेले. पुन्हा.”

सगळे हसले. मीही हसलो. या वेळी लागलं नाही. मी खांदे खाली सोडले, पोट भरून श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.